'जख्ख'चं उदाहरण

"अगं बाई! हे छापलंत?" सहायक संपादिकेच्या हातातली पेन्सिलच गळाली.

शब्दकोशाच्या कचेरीत 'ज'ची मुद्रितं आली होती. 'जख्ख : अतिशय म्हातारा. फक्त म्हातारा-म्हातारीच्या आधी येतो; जख्ख कपाट कुणी म्हणत नाही. व्युत्पत्ती अनिश्चित.' इथवर सगळं ठीक. पण पुढे उदाहरण होतं : 'आमच्या जख्ख म्हाताऱ्याला गोळ्यांची आठवण करा हो.' आणि कंसात : 'संपादकांच्या पत्नी, फोनवर.'

आता यात बिचाऱ्या सहायक संपादिकेचं काय चुकलं? संपादकांचा दंडकच तसा होता. उदाहरण मनानं रचायचं नाही, कानानं ऐकलेलंच हवं. आणि कोण बोललं ते शब्दाच्या कार्डाच्या मागे लिहायचं. तिनं ऐकलं, तिनं लिहिलं. मागची बाजूसुद्धा छापून येईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"पुढचं-मागचं सगळं घ्या, असं सरच म्हणाले," मुद्रितशोधक म्हणाला. "त्यांची प्रत मघाशीच टेबलावर ठेवलीय. तुमच्या कायम होण्याच्या कागदावरच."

तिनं तीन वर्षं हंगामी म्हणून काढली होती, आणि आज त्या कागदावर सही व्हायची होती. ती धावतच आत शिरली.

"सर, ते पान जरा द्या. त्यात एक चूक राहिलीय."

झालं! चूक म्हटल्यावर हा माणूस पान सोडतोय होय? संपादकांनी उभ्या उभ्या भिंग लावलं. वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा पांढराफटक पडला.

"आमची ही असं म्हणाली?"

"हो सर. म्हणजे... अगदी मायेनं."

"कधी?"

"रोजच," तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

संपादक मटकन खुर्चीत बसले.

"बावीस वर्षं! या शब्दासाठी एक खरंखुरं वाक्य मिळावं म्हणून बावीस वर्षं मी गावोगाव वणवण केली. आणि ते माझ्याच घरात होतं?"

"काढून टाकू, सर?"

"खबरदार हात लावाल तर!" त्यांनी तिच्या कागदावर खसकन सही ठोकली आणि फोन तिच्यापुढे सरकवला. "आता घरी लावा. मला यायला फार उशीर होईल म्हणून सांगा, आणि नुसतं ऐकत राहा. 'थेरडा'ला अजून वाक्य मिळालेलं नाही."