टिंब, रेघ आणि जेवणाचं टेबल

मोर्स शिकायचं मी ठरवलं ते जेवता जेवता, आणि त्याची शिक्षा जेवणाच्या टेबलालाच झाली. त्यावर रेडिओ, हेडफोन आणि वायरींचा गुंता आला, आणि आम्ही नवरा-बायको ताटं घेऊन जमिनीवर. हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे होता. पण खरे रेडिओवाले टिंब-रेघांत बोलतात, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

चार महिन्यांनी बायकोने मुदत दिली.

"महिनाभर देते. शेवटच्या रविवारी एका तरी माणसाचा निरोप अख्खा उतरवून दाखवा. नाहीतर हे सगळं माळ्यावर!"

"उतरवतो की!"

"परवा किती उतरवलात?"

"तीन अक्षरं."

"बरोबर?"

"एक," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

खालच्या मजल्यावर जहाजावरचे निवृत्त रेडिओ ऑफिसर राहतात. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. (ते कधीच कप्तान नव्हते, पण नाहीही म्हणत नाहीत.) मी त्यांचे पाय धरले. त्यांनी वर येऊन माझा भिंतीवरचा टिंब-रेघांचा तक्ता आधी फाडला.

"मोजून ऐकता? बायकोने हाक मारली की काय करता?"

"आवाजावरून ओळखतो, आज काय बिघडलंय ते."

"तसंच! अख्खं अक्षर एका दमात ऐकायचं. आणि निसटलं की द्यायचं सोडून. एकाचं सुतक पाळलंत तर पुढची पाच जातात."

सोडून देणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही, पण मी शिकलो. दाढी करताना ऐकलं, भांडी घासताना ऐकलं, ऑफिसात साहेब झापत असताना ऐकलं. (साहेबांचं निसटलं ते सोडून दिलं.) दूध तीनदा उतू गेलं. आणि एका सकाळी अक्षरं मोजावीच लागेनात, आपणहून वहीत उतरायला लागली! मी चक्क नाचलो.

ठरलेल्या रविवारी कप्तान दुसरा हेडफोन लावून आणि स्वतःची वही उघडून परीक्षक म्हणून बसले. बायको हाताची घडी घालून उभी. मी मोर्सच्या खटक्यावर माझी परवान्यावरची खूण ठोकून हाक दिली आणि दूरच्या गावातले एक निवृत्त मास्तर सापडले. त्यांचा गुडघा दुखत होता, अँटेना गच्चीवर होती आणि मांजर वायर कुरतडत होतं. मध्ये एक अक्षर निसटलं. दिलं सोडून!

कप्तानांनी दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. "एक अक्षर सोडलं तर तंतोतंत!"

"राहू दे टेबल," बायको हसून म्हणाली. मला तर भरूनच आलं.

त्या भरात मी मास्तरांना लांबलचक उत्तर ठोकलं. माझं आयुष्य, बायकोचा स्वभाव, टेबलाचा लढा, काही म्हणून वगळलं नाही. (ठोकायचा सराव केला नव्हता, पण ऐकता आलं की बोलता येतंच, त्यात काय!) बायको कौतुकाने बघत होती. कप्तान छताकडे बघत होते.

पलीकडून उत्तर आलं, अगदी सावकाश. मी ते उतरवलं आणि विजयी आवाजात वाचून दाखवलं,

"माफ करा, एक शब्दही समजला नाही. घरात कुणाला मोर्स येत असेल तर त्यांना बसवा."

"शाब्बास!" कप्तान वही मिटत म्हणाले. "या वेळी एकही अक्षर चुकलं नाही."