कोस्तासरांचा पेचकस

आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजची विचारपूस करतात, मग माणसांची. पिशवीतून हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, काढायचा, टोक फ्रिजच्या पाठीला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तोवर घरातल्यांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. मग निकाल लागतो. "मजेत आहे," किंवा "हे रडून राहिलं."

हे कोस्तासर. जन्म ग्रीसमधल्या एका चिमुकल्या बेटावरचा. वडील तिथं मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, पेचकस त्यांचाच. सर मिसरूड फुटायच्या वयात अमेरिकेला गेले, मेकॅनिकल इंजिनीअरिंगचे प्रोफेसर झाले आणि उभा जन्म यंत्रांची थरथर शिकवली. बायको गेली, रिटायर झाले आणि सहा महिने लेक्चर द्यायला म्हणून अमरावतीच्या एका कॉलेजात आले. राजापेठेत आमच्या वरच्या खोल्या घेतल्या. कॉलेजवाले मुदत वाढवत गेले आणि सर आमचेच होऊन बसले.

मराठी ते माझ्या आईकडून शिकले, म्हणजे अस्सल वऱ्हाडी. मी खाली क्लासमध्ये पोरांना छान शुद्ध भाषेत फिजिक्स शिकवत असतो आणि गॅलरीतून हा सहा फुटी गोरा बाप्या ओरडतो, "काहून बे, जेवला का?" पोरं बाकं बडवतात. काय अब्रू राहणार सांगा!

आईला मात्र त्यांचं भारी कौतुक. पोळी नको असली की सर मान मागे टाकून "च्च" करतात. ग्रीसमध्ये तसंच करतात म्हणे. अमेरिकेत इतकी वर्षं ही खूण कुणाला कळली नाही, आईला पहिल्याच पंगतीत कळली. कळली तरी तिनं पोळी वाढलीच, तो भाग वेगळा.

समोरच्या चक्कीवाल्या रफिकभाईंना नात झाली, तेव्हा तर कहर झाला. सरांनी बाळ हातात घेतलं, "लय सुंदर" म्हणाले आणि तिच्या अंगावर तीनदा थुंकले. फ्तू, फ्तू, फ्तू! रफिकभाईंचा चेहरा पाहून मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई पलंगावरून म्हणाली, "अरे, नजर उतार रहे हैं बच्ची की." सरांच्या बेटावरही हाच रिवाज निघाला. त्या दिवशी सरांना शीरखुर्मा दोनदा मिळाला.

पण या माणसाची एक खोड फार वाईट. माणसांच्या बाबतीत ते थोडंफार गोड बोलतील, यंत्राच्या बाबतीत खोटं म्हणून बोलणार नाहीत. प्राचार्यांनी नवी गाडी घेतली. नारळ फुटायच्या आत हे बॉनेटला पेचकस लावून म्हणाले, "बिमार आहे." एकदा आम्ही एसटीनं अकोल्याला निघालो होतो. मूर्तिजापूर आलं आणि सर उभे राहिले, मागच्या चाकाचं बेरिंग रडतंय, गाडी हलवायची नाही. लोकांनी उद्धार केला, ड्रायव्हर हात जोडू लागला. सर दारात आडवे! शेवटी मेकॅनिकनं चाक खोललं, तर बेरिंगचा भुगा. मग त्याच लोकांनी सरांना उसाचा रस पाजला.

या उन्हाळ्यात कॉलेजची मुदत संपली आणि भर मे महिन्यात सरांची मुलगी एलेनी अमेरिकेहून येऊन थडकली. तीही इंजिनीअर. पोरगी गुणी, पण सोबत परतीची दोन तिकिटं घेऊन आलेली. मला म्हणाली, वडील एकटे आहेत, वय झालंय, आता इथं त्यांना काम तरी काय आहे? सर दोन दिवस खाली आले नाहीत. मी वर गेलो, तर बॅग उघडी आणि पेचकस तिच्यात कपड्यांखाली.

"तिथं माहं घर लय चूप आहे रे," सर म्हणाले. "नवा फ्रिज आहे. तोबी बोलत नाही."

खाली येऊन आईला सांगितलं. आईनं पोळपाट बाजूला सारला. "काम नाही म्हणते काय? थांब, दाखवतोच तिले काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात ही झुंबड! हातगाड्यांवर कूलर, डोक्यावर पंखे, काखेत मिक्सर. रफिकभाईंनी चक्की बंद ठेवून तिची मोटरच उचलून आणली. गल्लीतलं एकूण एक यंत्र आजारी पडलं होतं, आणि त्यातलं एकही बिघडलेलं नव्हतं. एलेनी जिन्यात उभी राहून बघतच राहिली.

आणि मग मला सरांची खोड आठवली. अरे देवा, हा हरिश्चंद्र आता एकेकाला पेचकस लावणार आणि सगळ्यांसमोर सांगणार, ठणठणीत आहे म्हणून!

सर खाली आले. पहिला नंबर आईच्या मिक्सरचा. गेल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः त्याला तेल दिलं होतं. मिक्सर सुरू झाला. पेचकस टेकला, डोळे मिटले. डोळे उघडून त्यांनी आईकडे पाहिलं, मग रांगेकडे.

"लय खराब आहे," ते म्हणाले. "लय दिवस लागतील."

यंत्राच्या बाबतीत आयुष्यातलं पहिलं खोटं! आईनं पदर डोळ्याला लावला.

पण एलेनी पायऱ्या उतरून आली. तिनं बापाच्या हातातून पेचकस घेतला, मिक्सरवर टेकवला, मूठ कानाला लावली आणि अगदी बापासारखे डोळे मिटले. या कानाला कोण फसवणार? ती ऐकत होती, आम्ही मेलो होतो. मग तिनं रांगेतल्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, मिक्सर बंद केला आणि दोन-चार दिवसांत कानावर पडलेले शब्द जुळवत म्हणाली, "लय... खराब."

सरांनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि केसांवर तीनदा केलं, फ्तू, फ्तू, फ्तू.

एलेनी एकटीच परत गेली. सर वर आहेत, सकाळी गॅलरीतून माझी अब्रू काढतात. आईचा मिक्सर अजून दुरुस्तीलाच आहे. ती ठेचा पाट्यावर वाटते, आणि कुणी विचारलंच तर सांगते, लय मोठं काम निघालं म्हणून.