मुबारकची बोट आणि दुखवट्याचे ठराव

अनंतरावांच्या धाकट्या लेकीचं, प्रमोदिनीचं लग्न ज्या वैशाखात झालं, त्याच साली, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शनला एकवीस वर्षं होत आली तेव्हा, गारखेड्याच्या मुबारक सुताराला आफ्रिकेला पाठवायचं ठरलं. लग्न एका दिवसात उरकलं. मुबारकचं मात्र आश्विन उजाडला तरी उरकेना.

पाठवणारं मंडळ शहागंजात वहाबभाईंच्या दोरखंडाच्या दुकानावर, माडीत भरत असे. ते काकासाहेबांनी काढलेलं. काकासाहेब तीस वर्षं टांगानिकात, म्हणजे आताच्या टांझानियात, घायपाताच्या मळ्यावर कारकून होते. तिथली माणसं कुदळीनं एकेक भोक पाडून मका लावतात, हे त्यांना बघवत नसे. इथली अवजारं आणि ती करायला शिकवणारी माणसं तिथल्या शेतीशाळेला पाठवावीत, म्हणून त्यांनी मंडळ उभं केलं आणि मरण्याआधी स्वतःच्या हातानं नियमांची वही लिहून ठेवली. तिच्यातला अकरावा नियम असा होता: 'विश्वस्त, हितचिंतक किंवा त्यांचे आप्त यांपैकी कोणाच्या निधनाची वार्ता सभेस कळल्यास, दोन मिनिटे उभे राहून, दुखवट्याचा ठराव करून सभा तहकूब करावी.' परमुलखात माणूस मेला तर कुणी उभंही राहत नाही, हे काकासाहेबांनी पाहिलं होतं.

नियम चांगलाच होता. पण एकदा सभेला येऊन चहा घेतला की तो माणूस हितचिंतक, अशी मंडळाची रीत. पंधरा वर्षांत असे पावणेतीनशे हितचिंतक झाले होते आणि त्यांतले बहुतेक सत्तरीच्या पुढचे होते.

विश्वस्त चार. तहसिलीतून पेन्शनीत निघालेले अनंतराव अध्यक्ष, मुलींच्या शाळेच्या माजी हेडबाई दमयंतीबाई चिटणीस, तिसरे वहाबभाई आणि चौथे सदाशिवराव. सदाशिवराव शहात्तर वर्षांचे, घरी एकटेच. रोज सकाळी ते पायी निघत, ओळखीच्या प्रत्येक ओट्यावर थोडं टेकत आणि शहागंजात पोचेपर्यंत कोण कोण गेलं ते गोळा करत.

पहिली सभा आषाढात भरली. मुबारक आपली तीन फणांची तिफण घेऊन जिन्यात बसला होता.

"विषय पहिला," दमयंतीबाई म्हणाल्या. "मुबारक शेख यांना टांझानियातील शेतीशाळेत तिफण करण्याचे शिक्षण देण्यासाठी..."

"बाई, त्याच्या आधी एक," सदाशिवराव उठले. "बीडचे रामकिसनजी गेले."

"कोण रामकिसनजी?"

"बासष्ट साली आले होते. बिनसाखरेचा चहा घेतला होता."

सगळे उभे राहिले. ठराव झाला. सभा तहकूब.

पुढच्या सभेची नोटीस पंधरा दिवसांची. त्या सभेला आवडाबाई वारल्याची खबर निघाली; त्या कुणाच्या कोण, ते शोधण्यात अर्धा तास गेला आणि निघाल्या त्या अनंतरावांच्याच मावससासू. तिसऱ्या सभेच्या आधी वहाबभाई पान लावता लावता सहज बोलून गेले, "हमारे साडू का चुलता गया, जालन्यात." ऐकणारे सदाशिवराव होते.

"वहाबभाई, तुम्ही गप्प बसला असता तर?" अनंतराव नंतर म्हणाले.

"मला काय मालूम साडूचा चुलता पण आप्त होतो म्हणून. मी तर त्याला पाहिला पण नाय कधी."

चौथी, पाचवी सभाही तशीच गेली. दमयंतीबाईंचे गुडघे दुखत. दोन मिनिटं उभं राहण्याची त्यांनी धास्तीच घेतली होती.

इकडं मुबारकचं अवघड झालं. आफ्रिकेला जायचं म्हणून त्यानं रब्बीच्या पेरणीची कामं घेतली नव्हती. गिऱ्हाईक चिकलठाण्याच्या सुताराकडं गेलं. बायको जमिलानं रवानगीची दावत दोनदा दिली होती. आता गारखेड्यात जो भेटेल तो विचारी, "काय मुबारक, कधी आला आफ्रिकेहून? तिकडं पानी कसं हाय?" मुबारक मान खाली घालून जाई.

शेवटी शेतीशाळेचं पत्र आलं. पंधरा ऑक्टोबरच्या बोटीनं माणूस आला तर ठीक. नाहीतर तिकडचा पाऊस सुरू होईल, पेरणी उरकेल, मग यायचं कारण नाही. बोटीच्या कंपनीला मंडळाचा ठराव आठ तारखेच्या आत पोस्टात टाकलेला हवा होता. सात तारखेची एकच सभा हातात होती.

अनंतरावांनी मुबारकला बोलावलं. "हे बघ, मरणं काही आपल्या हातात नाहीत. पण सदाशिवरावांना कळणं आहे. सभेपर्यंत त्यांच्याजवळ कुणाला फिरकू देऊ नकोस. पेपरसुद्धा नको."

दुसऱ्या दिवसापासून मुबारक रोज सकाळी सदाशिवरावांना सायकलवर डबलसीट बसवून गारखेड्याला नेऊ लागला. "काका, लाकूड बघायला चला. तुमची नजर लई बारीक." काका बाभळीच्या ओंडक्यावर बसत, जमिलाचा चहा घेत आणि जुनी मरणं तपशीलवार सांगत. नवी मिळत नव्हती. चौथ्या दिवशी ते तासणी हातात घेऊन फण तासायला बसले. "घरी भिंतीशी किती बोलायचं?" ते म्हणाले. "कुणी गेलं की निदान सांगायला माणसाकडं जाता येतं."

काकांचं टपाल आपल्याकडंच द्यायला मुबारकनं पोस्टमनला सांगून ठेवलं होतं. सहा तारखेला एक कार्ड आलं. मुबारकला उर्दू वाचता येई, मराठी अक्षर नाही. पण कार्डाचा कोपरा फाडलेला होता. मरणाची खबर असली की तो फाडतात, ते कळायला वाचावं लागत नाही.

"उद्या दे," जमिला म्हणाली. "सभा झाली की दे. मुर्दा कुठं पळून जातो?"

"त्यांच्या घरचं कुणी असंल. उद्या दिलं तर मी काकाला काय तोंड दाखवू?"

"आन आज दिलं तर गारखेड्याला काय दाखवशील?"

मुबारकनं कार्डावरचा भुसा झटकला. मग त्यानं ते काकांना नेऊन दिलं. काकांनी चष्मा लावला, कार्ड वाचलं, उलटून पत्त्याची बाजूही वाचली आणि खिशात घातलं.

"कोण काका?"

"उद्या सभा किती वाजता आहे?" काका म्हणाले, आणि फण पुन्हा हातात घेतला.

सात तारखेला मुबारक त्यांना माडीवर सोडून जिन्यात बसला. तिफण त्यानं आणलीच नव्हती. जिना चढण्याआधीच त्यानं वहाबभाईंना सांगून टाकलं होतं, "कार्ड आलंय, भाई. फाटलेलं." वहाबभाईंनी वर जाऊन अनंतरावांच्या कानात सांगितलं. दमयंतीबाईंनी खुर्चीचा हात आधीच धरून ठेवला.

"सभेपुढं कुणाला काही सांगायचं आहे का?" अनंतरावांनी जमिनीकडं बघत विचारलं. विचारणं भागच होतं.

सदाशिवरावांनी खिशाला हात लावला. सगळे अर्धवट उठले.

"नाही," सदाशिवराव म्हणाले. "बाई, विषय पहिला घ्या."

ठराव चार मिनिटांत झाला. तिघांनी सह्या केल्या. सदाशिवरावांनी चौथी केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, कागद जिन्यातल्या मुबारकच्या हातात दिला आणि म्हणाले, "पळ पोस्टात." तो दिसेनासा झाल्यावर ते आत आले.

"आता दुखवट्याचा ठराव घ्या."

"या अल्ला, अब कौन?" वहाबभाई म्हणाले.

"माझा थोरला भाऊ."

वहाबभाईंनी टोपी सावरली. मग दमयंतीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, म्हणजे तुम्ही सुतकात आहात. आणि सही केलीत?"

"सुतकात सही करू नये असं वहीत कुठं आहे? सभेस कळल्यास, असं आहे. मला कळलं होतं, सभेला नव्हतं."

अनंतरावांनी वही काढली, अकरावा नियम दोनदा वाचला आणि मिटली. चौघे उभे राहिले. दोन मिनिटं झाली तरी आधी कुणी बसलं नाही, दमयंतीबाईसुद्धा.

मुबारक पंधराच्या बोटीनं गेला. जमिलानं या खेपेला दावत दिली नाही. बोट सुटल्याची तार येईपर्यंत तिनं शेजारीही कुणाला सांगितलं नाही. सदाशिवराव तेरावा झाल्यावर पुन्हा गारखेड्याला गेले आणि अर्धा राहिलेला फण तासत बसले.

त्या दिवसाच्या इतिवृत्तात दमयंतीबाईंनी एवढंच लिहिलं आहे: विश्वस्त श्री. सदाशिवराव यांचे ज्येष्ठ बंधू आप्पासाहेब हे हैदराबाद येथे शुक्रवार, दिनांक ३ ऑक्टोबर १९६९ रोजी पहाटे वारले.