बाबीकाकींची सतरंजी

“एक चमचाही मागे राहता कामा नये, रविंद्रभाऊ,” सुरतहून प्रविणने फोनवर बजावलं. “दिवेलागणीला हर्षदाबेन किल्ली घ्यायला येणार. घर मोकळं दिसलं नाही तर सौदा मोडतील. सामानाचं काय वाटेल ते करा.”

“निर्धास्त राहा!” रविंद्र म्हणाला.

जुनी घरं रिकामी करून द्यायचा धंदा त्याने तलासरीत नुकताच काढला होता. घोलवडचं हे घर प्रविणच्या आईचं, बाबीकाकींचं. काकी आता मुलाकडे राहत होत्या. हे काम साधलं तर प्रविण डहाणूतल्या मित्राचा बंगला रिकामा करायचं काम मिळवून देणार होता. फसलं तर संगिता टेंपो विकायला लावणार होती. संगिता म्हणजे त्याची बायको. टेंपो तीच चालवायची, आणि रविंद्रलाही.

रविंद्रचं काम शिस्तीचं. आधी अंगणात काहीतरी अंथरायचं, सामान त्यावर मांडायचं, मग भरायचं. माळ्यावर लाल काठाची लांबलचक सतरंजी सापडली. ती झटकून त्याने अंगणभर पसरली आणि वर समई, घंगाळ, बाजाची पेटी, पाट, बाकडी ओळीने मांडली.

समोरून चाललेली शेजारची हिराबाई थबकली. “अगो बाई, सतरंजी पडली?” म्हणाली आणि उलट्या पावली पळाली.

“हिला काय झालं?” संगिताने विचारलं.

“माल बघून गेली. गिऱ्हाईक असेल.”

हिराबाई परत आली ती न्हाऊनमाखून, हातात हार घेऊन. मागून काकड्या नावाचा वाडीतला गडी डोक्यावर चिकूची पाटी घेऊन आला, आणि त्याच्यामागून अर्धी आळी. चपला काढून मंडळी सतरंजीवर बसू लागली. जागा पुरेना, म्हणून पाट आणि बाकडी त्यांनी उचलून पुन्हा घरात नेऊन ठेवली. रविंद्र एक वस्तू बाहेर आणी, लोक दोन आत नेत.

“अहो, उठा! घर रिकामं करायचंय!”

“करा की, कीर्तन झाल्यावर,” काकड्या म्हणाला. “काकींच्या अंगणात सतरंजी पडली म्हणजे कीर्तन. आमाला कधी बोलावणं लागलंच नाय. लई वर्षांनी पडली बघा! पण बुवा कुठंयत?”

अंगणात उभा असा एकच माणूस होता, खांद्यावर पंचा टाकलेला रविंद्र. हिराबाईने त्याच्या कपाळी बुक्का लावला आणि गळ्यात हार घातला.

“करा सुरू, बुवा,” संगिता हसू दाबत म्हणाली. “सूर्य कलायला लागलाय.”

रविंद्रने जन्मात कधी कीर्तन केलं नव्हतं. पण आईच्या मांडीवर बसून त्याने लहानपणी पुष्कळ कीर्तनं ऐकली होती. नाम घ्यावं, पुढचं देव बघतो, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने डोळे मिटून गजर केला, “जय जय राम कृष्ण हरी!” अंगण दणाणलं. काकड्याने पेटी पुढे ओढली. आता निरूपण कशाचं? हाताला घंगाळ लागलं.

“श्रोतेहो, या घंगाळात काय आहे?”

“माझं लगीन!” हिराबाई ओरडली. “आख्ख्या वऱ्हाडाचं आंघोळीचं पाणी त्यातच काढलेलं!”

गाडी रुळावर आली. रविंद्र एकेक वस्तू उचली आणि गाव तिची कथा सांगे. या कंदिलाच्या उजेडात भजनं झाली, तेव्हा आळीत वीज नव्हती. या झारीने चिकूच्या पहिल्या कलमांना पाणी घातलं. या ताटात शाळेचे पहिले मास्तर जेवले आणि पोरांना मारायचं विसरले. मध्येच कोणी हसे, कोणी पदराने डोळे पुसे. सकाळी भंगार वाटलेलं सामान रविंद्रला आता देवघरातलं वाटू लागलं. आणि त्याला एकदम सुचलं.

“मंडळी, आख्यान संपलं! प्रसाद घेतल्याशिवाय कीर्तनातून उठू नये. ज्याची कथा, त्याचा प्रसाद. उचला! आतलंसुद्धा!”

हर्षदाबेन आल्या तेव्हा घर लख्ख मोकळं होतं. खोल्या पाहून त्या खूश झाल्या. “अरे वा भाई, झाडू पण नाय ठेवला! प्रविणभाई बोललाय, घर असं मिळालं तर बंगल्याचं काम तुम्हालाच.”

“झाडू आपला होता,” संगिता पुटपुटली. “दोरखंड नि ताडपत्रीही प्रसादात गेली.”

रिकाम्या घरासमोर टेंपो मात्र गच्च भरलेला होता. चिकू, नारळ, तांदूळ, सगळी बुवांची बिदागी. तेवढ्यात टेंपोवर रंगवलेल्या नंबरावर आगर गावाहून फोन आला.

“पौर्णिमेला आमच्याकडे येणार का?”

“येऊ की! किती खोल्यांचं घर आहे?”

“खोल्या कशाला, बुवा? सतरंजी अंगणात घालणार आहोत.”

रविंद्रने फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं.

“येतो म्हणा,” टेंपो सुरू करत संगिता म्हणाली. “फक्त या वेळी नवा झाडू घरीच ठेवून जाऊ.”