आमच्या सकाळचे कंट्रोलर

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बाथरूमहून स्वयंपाकघराकडे जाणारी गाडी सात मिनिटं उशिरानं धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

सकाळी पावणेसहाला हे ऐकू येतं. गाडी म्हणजे माझा नवरा. तो आत अंगाला साबण लावून उभा, आणि बाहेर पॅसेजमध्ये, आमच्या बाथरूमच्या खिडकीखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून मल्लिनाथकाका बसलेले. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, मांडीवर वही. आता तुम्हीच सांगा, माणसानं आंघोळ करायची तरी कशी?

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. बत्तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, किती वाजता सोडायची, हे ठरवणारा माणूस. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार पडला, नारळ मिळाला, पण अंगातला कंट्रोलर काही निवृत्त झाला नाही.

खरं सांगायचं तर पायावर धोंडा मीच मारून घेतला. मी मंद्रूपच्या पुढं एका गावात शाळेत शिकवते. सात दहाची गाडी गेली की शाळेला उशीर ठरलेला. जूनमध्ये माझी ती गाडी तीनदा चुकली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, आता चौथ्यांदा झालं तर मला वर लेखी कळवावं लागेल." मी घाबरले. मोबाईलवर सकाळ कशी सार्थकी लावावी याचे व्हिडिओ बघितले. त्यात एक मुलगी पाचला उठून लिंबूपाणी पीत होती, वहीत काहीतरी लिहीत होती आणि खिडकीत उभी राहून सूर्याकडे बघून हसत होती. तिच्या घरात ना नवरा दिसत होता, ना सात वर्षांची पोर, ना चार-पाच दिवसांनी कधीतरी येणारं पाणी. तिला हसायला काय जातंय!

तेव्हा जिन्यात काका भेटले आणि मी सहज बोलून गेले, "काका, आमच्या सकाळचं जरा काहीतरी बसवून द्या की."

बस्स. काकांनी तो सरकारी आदेशच मानला.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर वेळापत्रक चिकटलेलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं, लाल-निळ्या शाईत. चार पन्नास, मी उठणं. पाच, चहा, 'विनंती थांबा'. पाच पस्तीस, नवरा, आंघोळ, 'विनाथांबा'. सहा, आमची तन्वी, 'मुक्कामी गाडी, धक्का मारून सुरू करणे'. सहा पंचेचाळीस, मी घराबाहेर. सात पंधरा, तन्वी शाळेच्या रिक्षात. खाली सूचना: 'वेळापत्रकात बदल करण्याचा अधिकार नियंत्रकाकडे राखीव.'

नवरा म्हणाला, "हे तू मागितलंस?" मी चहाचं आधण ठेवायला आत पळाले.

काकांना सगळ्यात जास्त राग माझ्या भाकऱ्यांचा. रोज सकाळी ज्वारीची गरम भाकरी थापायची म्हणजे त्यांच्या मते शुद्ध डिझेलची नासाडी. "बाई, लई टाइम खातीया ही भाकरी. रविवारी कडक भाकरी करून ठिवा की. आठवडाभर हलत न्हाय. कडक भाकरी म्हंजे डेपोत उभी जादा गाडी. कवाबी सोडा." शेवटी ऐकलं त्यांचं. आता आम्ही आठवडाभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी कडाकडा चावत असतो आणि काका समाधानानं वहीत टिक करतात.

माढ्याहून सासूबाई आल्या चार दिवस निवांत राहायला. पहिल्याच सकाळी काकांनी त्यांना दारातूनच विचारलं, "आजी, परतीचं कवाचं धरू?" म्हाताऱ्या माणसाला आल्या आल्या परतीचं विचारायचं? सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, मीच विचारायला सांगितलं असं त्यांना वाटलं असणार. काकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय? मुक्कामी गाडीचं बी लिवावं लागतंय."

डोक्याला ताप नुसता! पण कबूल करते, त्या दोन महिन्यांत माझी गाडी एकदाही चुकली नाही. पावणेसातला काका शिट्टी मारायचे, कानडीत "नडी, नडी" म्हणजे चल, चल म्हणायचे, आणि मी पर्स काखोटीला मारून जिना उतरत असायचे.

मग तो सोमवार उजाडला.

मी निघून गेले होते. सात पंधराला तन्वीची रिक्षा आली. नवरा आत तिचा डबा भरत होता. डब्याचं झाकण सापडेना. काकांनी घड्याळ बघितलं, शिट्टी मारली आणि पोरीला हाताला धरून रिक्षात बसवून टाकलं. नवरा डबा घेऊन धावत खाली आला तेव्हा रिक्षा कोपऱ्यावरून वळली होती. काका म्हणाले, "पुढच्या गाडीनं पाठवा की."

पुढची गाडी कुठली आलीय? मधल्या सुट्टीत पोर उपाशी बसून रडली. तिच्या बाईंचा मला वर्गात फोन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आले ती सरळ काकांच्या दारात. "काका, ती गाडी नाही, माझी पोरगी आहे! उद्यापासून आमच्या दारात खुर्ची टाकायची नाही!"

काका बाहेर आले. पॅसेजमधली खुर्ची उचलली आणि आत गेले.

थोड्या वेळानं काकू आल्या. मी भांडायच्या तयारीतच होते. काकू म्हणाल्या, "बाई, चुकलंच त्येंचं. पोर उपाशी ठिवायची असती व्हय?" मग त्या उंबऱ्यावरच बसल्या. "बत्तीस वर्सं कायम पयली पाळी. पहाटं साडेतीनला घर सोडायचे. आमची लेक संगीता पयलीत गेली तवापासनं कालेजापतोर, सकाळी तयार होऊन निघालेली त्येंनी एक दिवस बघितली न्हाय. साऱ्या जिल्ह्याची पोरं येळेवर सोडली, आपलीच ऱ्हायली."

मी त्यांच्याशेजारी टेकले. काकू पुढं म्हणाल्या, "औंदा बेंगळूरला फोन लावला लेकीला. म्हणाले, नातीला शाळंला सोडायला म्हैनाभर येतो. ती म्हणाली, कशाला दगदग बाबा, बस दारात येतीया, बाई हाय कामाला, तुमी झोपा निवांत. तवापासनं फोनवर नुस्तं हूं हूं करतात."

माझा राग गेला असं म्हणणार नाही. पोर उपाशी बसली ती बसलीच. पण मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. या माणसाला झोपा निवांत म्हणणाऱ्यांत आता मीही जाऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी पॅसेज रिकामा. मी वेळेत उठले, सगळं वेळेत झालं. साडेसहाला तन्वीला गणवेश घातला, कंगवा आणि दोन लाल रिबिनी तिच्या हातात दिल्या आणि तिला घेऊन समोरचं दार वाजवलं.

"काका, हिच्या वेण्या घाला. मला डबे भरायचेत."

काका बावरले. "मला न्हाय येत, बाई."

"मग शिका."

तन्वी त्यांच्यासमोर पाठ करून बसलीसुद्धा. "आजोबा, आधी मधोमध भांग पाडायचा," तिनं सांगितलं. काकांनी कंगवा धरला. भांग वाकडा पडला, पुसला, परत पाडला. तीन पेड घेतले, त्यातला एक निसटला. काकू पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पण पुढं झाल्या नाहीत. डबे भरून मी परत आले तर पहिल्या वेणीचं शेवटचं टोक बांधणं चाललं होतं. वेणी कानाच्या वर कुठंतरी सुरू होऊन खांद्याकडे तिरपी गेलेली.

मी पर्स घेऊन दारात थांबले.

"काका, पावणेसात वाजले," मी म्हणाले. त्यांनी निरोप दिल्याशिवाय निघायचं मला जिवावर आलं होतं.

काकांनी मान वर केली नाही. डोळे भरले होते त्यांचे. "वाजू द्या की," ते म्हणाले, "अजून एक येणी ऱ्हायलीया."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन काकूंजवळ उभी राहिले.

त्या दिवशी माझी सात दहाची चुकली. हेडमास्तरांनी खरोखरच वर कळवलं आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी एकच ओळ लिहिली: घरच्या वडील माणसाचं काम होतं, म्हणून उशीर झाला.