धोंड्याचा सेकंद

भिंगारमधल्या आमच्या गल्लीत ढवळेकाकांना "किती वाजले?" असं कुणी विचारत नाही. ते उलट विचारतात, "कुणाच्या मते?"

काका वायरलेस दुरुस्त करत रिटायर झाले. आता त्यांच्या गच्चीवर उपग्रहाची वेळ पकडणारा जुनाट रिसीव्हर आहे आणि खोलीत एक कॉम्प्युटर, जो इंटरनेटवरच्या तीन सर्व्हरना दिवसभर वेळ विचारत बसतो. "एका घड्याळाचं ऐकू नये," काका म्हणतात. "चौघांना इचारावं. एकटा येगळं बोलला की त्याला भाईर काढावं."

पृथ्वी फिरताना जरा रेंगाळते, म्हणून कधीमधी जगभरच्या घड्याळांत एक सेकंद वाढवतात. आपल्याकडे तो पहाटे साडेपाचच्या तोंडावर येतो. मागच्या वेळी काकांनी हे समजावलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हंजे धोंड्याचा महिना तसा धोंड्याचा सेकंद! जावयाला बोलवा की." अधिक महिन्यात जावयाला अनारसे खिलवतात, काकूंनी सेकंदालाही सोडलं नाही. कोल्हारचा जावई पहाटे हजर! गल्ली आठवडाभर हसली.

पुढे काकू गेल्या. पंचांग त्या बघायच्या. त्यामुळे खरा अधिक महिना आला नि गेला, काकांना पत्ताच नाही. सेकंदामागे धावणाऱ्या माणसाचा अख्खा महिना हुकला. बोलावणं राहिलं, जावई रुसला. आता कारणाशिवाय फोन करायला काकांची जीभ रेटेना. वाढीव सेकंद यायचा असला की रिसीव्हरवर इशाऱ्याचा दिवा लागतो, त्याची ते वाट बघू लागले. "सर्व्हर सांगनार आदल्या दिशी," ते करवादायचे. "एका दिसात अनारसे व्हत्यात व्हय? तांदूळच तीन दिस भिजाया लागतो. उपग्रह बघा, कसा महिनाभर आदी सांगतो!"

यंदा जून लागताच दिवा लागला. तीस जूनला मी धावत जाऊन कॉम्प्युटर पाहिला.

"काका, तिन्ही सर्व्हर नाही म्हणतायत. तुमच्याच नियमाने रिसीव्हरला बाहेर काढा."

"ठावं हाय मला. गच्चीवरला म्हातारा चळलाय," काका खालमानेनं म्हणाले. "पन तांदूळ भिजलाय. फोनबी झालाय."

एक जुलैच्या पहाटे लेक-जावई आले. आम्ही सगळे कॉम्प्युटरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसलो. सेकंदांच्या आकड्यात एकोणसाठनंतर साठ दिसायला हवे होते, सरळ शून्य दिसलं. काकांचा चेहरा पडला.

जावयाने तोंडातला अनारसा सावकाश गिळला. "मामा, मला दिसला की सेकंद."

"कुणाच्या मते?"

"माझ्या. आन् हिच्या. आन् ह्यांच्या." त्याने माझ्याकडे बोट केलं. मी मान डोलावली.

तीन माणसं विरुद्ध एक घड्याळ. काकांना स्वतःचाच नियम पाळावा लागला. डोळे पुसत त्यांनी जावयाला आणखी एक अनारसा वाढला.