सतरा पाहुण्यांचा बेत

समस्त वाचकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की, गेल्या मार्गशीर्षात लातुरातल्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक गंभीर पेचप्रसंग उद्भवला आणि तब्बल तीन आठवडे टिकला. वाटाघाटी झाल्या, बोलणी फिसकटली, एका सज्जन माणसाची झोप उडाली. प्रश्न एकच होता : भाजी कोणती करायची?

ते सज्जन म्हणजे गंगाधरराव. माझ्या दारासमोर त्यांचं दार. भेटल्यावर लोक ‘काय, कसं काय’ असं विचारतात. गंगाधरराव विचारतात, “दोडका चालतो का तुम्हाला?” जिन्यात गाठून विचारतात. स्कूटरला किक मारत असताना विचारतात. एकदा मी शाळेच्या परीक्षेत पर्यवेक्षणावर होतो, तिथे फोन करून विचारलं, “सर, अळूच्या पानानं घसा खाजतो का तुमचा? फक्त हाव का न्हाई सांगा, मग ठेवतो.”

आयुष्य त्यांनी नांदेडला, रेल्वेच्या ऑफिसात, गाड्यांची वेळापत्रकं जुळवण्यात काढलं. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत सुमनबाई गेल्या. मुलगी लातूरला म्हणून इथे फ्लॅट घेतला. फ्लॅटचा रंग वाळेपर्यंत जावयाची बदली नागपूरला झाली. मुलगी गेली, गंगाधरराव आणि रंग राहिले.

एका रविवारी ते माझ्याकडे येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

“सर, एक इंतजाम करून राहिलो. आपली पाच घरं, सतरा माणसं. सगळ्यांला एकदा जेवू घालायचं.”

“वा! काही विशेष?”

“विशेष काय? नांदेडला क्वार्टरात आमच्या घरी दर महिन्याला पंगत बसायची. रांधायची सुमन. मी नुसता दारात उभा राहून ‘या, या’ म्हणायचो. हितं वर्ष झालं, माझ्या घरी पाणी प्यायला बी कुणी टेकलं न्हाई. एकदा असं जेवण घालतो की लोकं नाव काढतील. मग आपोआप येणं-जाणं सुरू होतंय.” एवढं बोलून त्यांनी खिशातून एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू काढली आणि आवाज उतरवला. “पण काय करायचं, तेच ठरंना. आपलं काही खरं न्हाई.”

‘आपलं काही खरं न्हाई’ हे त्यांचं ब्रीदवाक्य. दूध नासलं तरी तेच आणि मीठ नीट पडलं तरी तेच.

त्या पत्रिकेवर जे होतं त्याला मी तरी जेवणाचा बेत म्हणणार नाही. ते वेळापत्रक होतं. सहा चाळीसला वरण सुटणार. सात पाचला वांगी आणि भात यांचं क्रॉसिंग, कारण शेगड्या दोनच. भाकरी सगळ्यांत शेवटी, आणि तिला सिग्नल मिळेपर्यंत आमटी आउटरला उभी.

“आमटी आउटरला म्हणजे?” मी विचारलं.

“बाल्कनीत,” ते म्हणाले.

मग सुरू झाल्या रंगीत तालमी, आणि प्रेक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. सोमवारी उडदाचं वरण आणि भाकरी. माझं मत : उत्तम. त्यांचं मत : “हे तर लोकं रोज घरी खातेत, मेहमानापुढं ठेवलं तर बेइज्जती.” बुधवारी येसराची आमटी, म्हणजे भाजलेल्या पिठा-मसाल्याची, लग्नात असते तशी. ती मला इतकी आवडली की मी भुरके मारत तीन वाट्या प्यायलो. गंगाधरराव माझ्याकडे खिन्नपणे बघत बसले होते. “सुमनची निराळी लागायची,” म्हणाले. “काय निराळं होतं, ते इचारायचं राहिलं.” आणि आमटी बाद. शुक्रवारी त्यांनी मोबाइलवर बघून पनीरचं काहीतरी केलं. त्याबद्दल आम्ही दोघंही पुन्हा कधी बोललो नाही.

तिकडे दारोदार चौकशी चालूच होती, आणि दर चौकशीत एक भाजी मरत होती. वकीलसाहेबांच्या अंगाला वांग्यानं खाज सुटते. वांगी गेली. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर लसूण खात नाहीत. ठेचा गेला. मटण करावं तर मार्गशीर्ष, निम्म्या घरांत घट मांडलेले. पुरणपोळी करावी तर तिघांना साखर. तिसऱ्या आठवड्यात पत्रिकेवर फक्त दोन शब्द उरले होते : भात आणि पापड. गंगाधरराव माझ्या सोफ्यावर आडवे पडून छताकडे बघत होते.

“अहो, पोळी-भाजी करा साधी,” आमच्या हिनं आतून सल्ला दिला.

“वहिनी, साध्यासाठी कोण येतं?” ते छताला म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते तळमजल्यावरच्या पाटीलकाकूंकडे गेले. काकू म्हणजे आमच्या इमारतीचं उच्च न्यायालय. औशाकडे त्यांची शेती, आणि मत मागितलं नसलं तरी निकाल देण्याची सवय. वीस मिनिटांनी गंगाधरराव जिना चढून आले ते वेगळाच माणूस होऊन.

“ठरलं, सर! सिग्नल मिळाला.”

“काय ठरलं?”

“ते सांगायचं न्हाई. झाकण उघडल्यावरच बघायचं. शुक्रवारी, संध्याकाळी साडेसातला. सगळ्यांला सुट्टी हाय त्या दिवशी, म्हणजे कुणाला सबब न्हाई.”

मी कॅलेंडर बघितलं. “काका, शुक्रवारी वेळ अमावस्या आहे.”

“म्हणून तर! सणाच्या दिवशी पंगत. लई विचार करून तारीख काढलीय.”

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. पण तीन आठवड्यांनी त्या माणसाचा चेहरा उजळला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही आता तालमींतून सुटका हवी होती. संध्याकाळी दोन घास हलकं खाऊ, असा विचार करून मी ‘येतो’ म्हटलं. बाकीच्यांनीही असंच काहीतरी केलं असावं.

ज्या वाचकांना आमची येळवस, म्हणजे ही वेळ अमावस्या, ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी लातूर जिल्हा घरात नसतो. सकाळी टेम्पो, जीप, मोटरसायकली भरभरून माणसं शेताकडे निघतात. रानात कडब्याची खोप करून पूजा होते आणि मग जेवणं सुरू होतात ती दिवस कलेपर्यंत संपत नाहीत. मुख्य पदार्थ भज्जी. तिचा तळलेल्या भज्यांशी काही संबंध नाही. कोवळी तूर, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या, शेंगदाणे, हाताला येईल ते सगळं चिंच आणि डाळीच्या पिठात शिजवलेलं हे दाट कालवण. सोबत सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे, वाफवलेले उंडे आणि मडक्यातली थंड आंबील. एका शेतात जेवून उठलं की शेजारच्या बांधावरून हाक येते आणि तिथे पुन्हा बसावं लागतं. ज्याला शेत नाही त्याला चार जण बोलावतात. नांदेड शहरात याचं एवढं नसतं. गंगाधररावांना सणाचं नाव माहीत होतं, इतकंच.

शुक्रवारी सकाळी आम्ही माझ्या मेव्हण्याच्या शेताकडे निघालो तेव्हा गंगाधरराव बाल्कनीत उभे होते. हातात पळी.

“साडेसात!” ते वरून ओरडले.

“साडेसात!” मी खालून ओरडलो. पाटीलकाकूंचा टेम्पो तेव्हा दारातच भरत होता. मला वाटलं, गंगाधरराव दुपारी काकूंच्याच शेतावर जाऊन येतील.

संध्याकाळी आम्ही सतरा जण गंगाधररावांच्या बैठकीत जमलो, त्या दृश्याला मी जमणं म्हणणार नाही. आम्ही तिथे आणून ठेवले गेलो होतो. वकीलसाहेबांनी पट्टा दोन भोकं सैल केला होता. डॉक्टर श्वास मोजून घेत होते. मी तीन शेतांत जेवलो होतो. वाकायला नको म्हणून बुटांसकट दारात उभा होतो, ते शेवटी आमच्या हिनं काढले.

खोली मात्र झकास सजली होती. सतरंज्या, सतरा ताटं, प्रत्येक ताटाभोवती रांगोळी. ती जराशी वाकडी होती, पण प्रत्येकाच्या ताटाभोवती वेगळी. कोपऱ्यात एक छोटं पातेलं, त्यावर चिठ्ठी : ‘डॉक्टर – लसूण नाही’. दुसऱ्यावर : ‘वकील – वांगं नाही’. गंगाधरराव नवा कडक सदरा घालून दारात उभे होते आणि येईल त्याला ‘या, या’ म्हणत होते.

सगळे टेकल्यावर त्यांनी मधोमध मोठं पातेलं आणलं, घसा साफ केला आणि झाकण उचललं.

भज्जी होती.

मागून उंड्यांची परात आली. मग आंबिलीचं मडकं आलं.

कुणाला तरी उचकी लागली. डॉक्टरांनी डोळे मिटले.

“ताईंनीच सांगितलं,” गंगाधरराव पाटीलकाकूंकडे बघून आनंदाने म्हणाले. “म्हणल्या, लातूरचा माणूस भज्जी बघून भूक हाय का न्हाई ते बघतच न्हाई. बावीस भाज्या घातल्यात. पहाटे चारला पहिली गाडी सोडली... काय झालं? जमली न्हाई का?”

कुणीतरी सांगणं भाग होतं. मी सांगितलं. सकाळपासून आम्ही सगळे कुठे होतो, काय जेवलो, किती वेळा जेवलो. गंगाधरराव ऐकत राहिले. झाकण हातातच होतं. मग ते मोठ्याने हसले.

“आपलं काही खरं न्हाई! अहो, तरीच! दुपारी चिंच कमी पडली म्हणून बाजारात गेलो, तर एक दुकान उघडं न्हाई. रस्त्यावर कुत्रं न्हाई. मला वाटलं, गावात काही दंगा झाला का काय. वॉचमन पण गायब. गच्चीवर जाऊन बघितलं, सगळ्या बिल्डिंगीत एकटाच मी. म्हटलं, बरं झालं, शांततेत स्वयंपाक होतोय. पोटात काही न्हाई सकाळपासून. मेहमानाच्या आधी कसं खायचं?”

त्यांनी ते इतकं रंगवून सांगितलं की आम्ही सगळे हसलो. वकीलसाहेब पोट धरून हसले. मीही हसलो. हसू ओसरताना मी पाटीलकाकूंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत जे होतं तेच माझ्याही असणार : तुम्ही नेलं नाहीत? मी बाकीच्यांकडे पाहिलं. एकेक जण आपल्या ताटाकडे बघायला लागला होता. गंगाधरराव अजून हसतच, वाकून, पहिल्या ताटात भज्जी वाढत होते.

आणि पाटीलकाकूंच्या तोंडून निघून गेलं, मोठ्याने, सगळ्यांदेखत :

“म्हंजी भाऊ, आज तुमाला शेतावर कुणीच बोलावलं न्हाई?”